दाराची अ बाजू

शनिवार, ११ ऑक्टोबर

प्रिय खारुताई,

तुझा नवा पत्ता दाराच्या पेटीवरून उतरवून घेतला. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि चुकून उचललास तर माझी बोबडी वळेल, म्हणून हे पत्र. एकोणीस वर्षांनी लिहितोय. अक्षर अजून कोंबडीने पाय उमटवल्यासारखंच आहे, गोड मानून घे.

आधी चांगलं सांगतो. प्रदर्शन उत्तम चाललंय. तेवीस कलावंत, पाच खोल्या. पहिल्या दोन खोल्यांत जुनी आधुनिक मंडळी, तेलरंग, जाड चौकटी. पुढच्या तिन्हींत तुम्ही आत्ताचे. मी अजून तिथेच, मांडणी विभागात. सव्वीस वर्षं झाली लोकांची चित्रं भिंतीला लावतोय, आता मुकादम म्हणतात एवढाच फरक. जुन्यांचं बरं असतं. चित्राचा मध्य दीड मीटरवर धरा, पाणसळ लावा, दोन हूक, संपलं. तुमचं तसं नाही. एकाने बटणांच्या चौदा गोण्या पाठवल्या आणि सोबत एका शब्दाची सूचना, 'ओतावीत'. एका बाईंच्या लोखंडी खुर्च्या छताला उलट्या टांगताना माझी कंबर कामातून गेली. आणि मग तुझं दार. चौथ्या खोलीतली अख्खी भिंत एकट्या त्याला दिली आहे. आपल्या जुन्या घरातलं अडगळीच्या खोलीचं दार गॅलरीत येईल असं कोणाला वाटलं होतं? घर विकताना तू आईकडून ते मागून घेतलंस तेव्हा मला वाटलं होतं, तिकडे टेबल करशील त्याचं.

आता ते दुसरं. पेपरातला फोटो बघून तू ऑफिसला कळवलंस, की दार उलटं लावलंय, आतली बाजू भिंतीकडे गेली आहे. खरं आहे. तुझ्या सूचनापत्रात होतं, अ बाजू बघणाऱ्यांकडे, ब बाजू भिंतीकडे. पेटी उघडली तेव्हा अ ची चिठ्ठी निळ्या रंगाच्या बाजूवर होती. आम्ही चिठ्ठी बघून काम करतो, प्रश्न विचारत बसत नाही. बांधाबांध करताना तुझ्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. होतं असं. क्युरेटर बाईंना मी तेच सांगितलं, त्यांनी तुला तसं कळवलंही असेल. त्या नव्या आहेत. तुला निवडणारे गृहस्थ दुसरी नोकरी धरून गेले, यांनी दार पहिल्यांदा पाहिलं ते थेट भिंतीवर. त्यांच्यावर राग धरू नकोस.

आणि एक सांगू? निळी बाजू दिसते झकास. बाबा दर वर्षी नेमाने रंग द्यायचे, त्याचे थर कडेला मोजता येतात. एका समीक्षकाने लिहिलंय, 'या निळ्या रंगात एका घराचा संयम साठला आहे.' मला काही कळलं नाही, पण कात्रण सोबत जोडतोय. आतली बाजू न दाखवताच तुझं नाव झालं की! आता फिरवायचं म्हणजे भिंतीला नवी भोकं, फोटो पुन्हा, सगळ्यांची धावपळ. हट्ट सोड असं म्हणत नाही. विचार कर, एवढंच.

आई येऊन गेली. तिने सरळ जाऊन दारावरून हात फिरवला. आमचा एक पहारेकरी आहे, त्याला आम्ही 'हातलावूनका' असंच म्हणतो, दिवसातून दोनशे वेळा तेवढंच बोलतो बिचारा. तो धावत आला. आई त्याला म्हणाली, "अहो, सगळा जन्म मीच पुसलंय हे." तो गप बाजूला झाला.

तब्येत सांभाळ.

तुझा,
दादा


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

खारुताई,

या वेळी 'प्रिय' लिहिलेलं नाही. लिहून खोडलं, मग कागदच बदलला.

काल क्युरेटर बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर तू पाठवलेले चार फोटो होते, पेटी भरताना काढलेले, खाली तारीख आणि वेळ. चिठ्ठ्या जिथल्या तिथे. अ लाकडाच्या कच्च्या बाजूवर, ब निळ्यावर.

बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पेटी कोणी उघडली होती?"

"मी."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

आमचा नियम आहे, पेटी दोघांनी उघडायची. एकाने टॉर्च तिरका धरायचा, दुसऱ्याने स्थिती-नोंद लिहायची, कुठे चरा, कुठे टवका, सगळं. मी त्या दिवशी माझ्या जोडीदाराला बटणं ओतायला पाठवलं होतं. मुद्दाम.

"त्या म्हणतात, दार फिरवा नाहीतर काम परत पाठवा," बाई म्हणाल्या. "आणि आपण त्यांना काय लिहिलं? की चूक तुमचीच आहे. मी सही केली आहे त्या पत्रावर. तुमच्या शब्दावर केली." माझे कान तापले. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा मी, नखं कुरतडत उभा होतो.

चिठ्ठ्या मी बदलल्या, खारुताई.

पेटी उघडली तेव्हा दार कच्ची बाजू वर करून होतं. टॉर्च तिरका धरला आणि त्या रेघा उठून दिसल्या. उभ्या, जवळजवळ, माझ्या कमरेच्याही खाली. एकतीस. मी दोनदा मोजल्या. तू तिथली जाळी-धूळ सोडून काहीच पुसलं नव्हतंस, रंग नाही, पॉलिश नाही. मला वाटलं होतं तू त्यावर काहीतरी चितारलं असशील, कलावंत लोक करतात तसं. तू काहीच केलं नव्हतंस. मी खाली बसलो. मग उठलो, दार कडेवर उभं केलं, चिठ्ठ्या नखाने सोडवल्या आणि इकडची तिकडे लावल्या. एक मिनिटही लागलं नाही. नंतर नोंद लिहिली. सव्वीस वर्षांत हजारो नोंदी लिहिल्या असतील, केसाएवढा चरा कधी सोडला नाही. तुझ्या दारासाठी लिहिलं, 'ब बाजू: किरकोळ ओरखडे.'

किरकोळ. तो कागद फाइलीत आहे, खाली माझी सही आहे. तो शब्द रोज डोळ्यांसमोर येतो.

का केलं, ते सांगतो. आईसाठी केलं. ती शेजारच्या दोघींना घेऊन येणार होती, मुलीचं काम दाखवायला. आणि बाबांसाठी. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, आता त्याला चव्हाट्यावर उभं करून काय मिळणार? ते उत्तर द्यायला तरी आहेत का? पेपरवाले येणार, फोटो काढणार, 'क्रूर बाप' म्हणून छापणार. मुलगा म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खरं सांगतो, सांगून बरंही वाटलं. आठ-दहा दिवस मी स्वतःला फार सज्जन समजत होतो.

सोमवारी गॅलरी बंद असते. सोमवारी दार फिरवतो, स्वतःच्या हाताने. 'कलावंताकडून बांधणीत चूक' असं जे लिहिलं गेलंय ते काढून तिथे माझं नाव घालायला बाईंना सांगितलं. त्यांनी घातलं. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. माझा जोडीदार म्हणाला, "मुकादम, तुमच्याकडून असं कसं झालं?" मी म्हणालो, वय झालं. बघ, लगेच दुसरी थाप तयार.

माफ कर असं लिहीत नाही. अजून लिहिण्याजोगं झालेलं नाही.

दादा


रविवार, १९ ऑक्टोबर

खारुताई,

तू पाठवलेला भिंतीवरचा मजकूर आला. तुला ठाऊक असेल, आम्ही त्याची अक्षरं चिकटपट्टीसारख्या पातळ कागदावर कापून घेतो आणि भिंतीवर घासून उमटवतो. ते काम माझंच. काल संध्याकाळी कापलेली अक्षरं हातात आली. तू लिहिलंयस:

'मी आठ वर्षांची असताना माझ्या वडिलांनी मला या दारामागे दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत कोंडून ठेवलं. बाहेरून बस गेली की मी केसांतल्या पिनेने एक रेघ ओढत असे. एकतीस बस गेल्या.'

एवढंच. बाई म्हणाल्या, "एक शब्द जास्तीचा नाही." मी मान डोलावली.

मग मी कॅटलॉग घेतला. इतके दिवस उघडला नव्हता. तुझ्या पानावर मुलाखत आहे. त्यात त्यांनी विचारलंय, घरात तेव्हा आणखी कोणी नव्हतं का? तू म्हटलंयस, 'माझा मोठा भाऊ होता. वडिलांच्या सांगण्यावरून कडी त्याला लावावी लागली. तोही लहानच होता. संध्याकाळी त्यानेच दार उघडलं तेव्हा त्याला रडू फुटलं होतं. त्याच्यावर माझा राग त्या दिवसाचा नाही, नंतर तो कधीच काही बोलला नाही, त्याचा आहे.'

मी ते पान ऑफिसातल्या संडासात जाऊन वाचलं. बाहेर हातलावूनका दार ठोठावत होता, "मुकादम, बरं आहे ना?" मी म्हणालो, पोट बिघडलंय.

तू मला सांभाळून घेतलंस. इतकी वर्षं तुझं एक पत्र नाही, फोन नाही, मला वाटायचं तिकडे बसून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. आणि तू छापील पुस्तकात, लोकांदेखत, मला पदराखाली घेतलंस. तोही लहानच होता! चौदा वर्षांचा होतो मी. मिसरूड फुटलं होतं.

एक विचारतो. बाबांची शिक्षा आठवते का? वजनकाटे तपासणारा माणूस, दुकानदाराच्या मापात पाच ग्रॅमचा फरक चालायचा नाही. शिक्षाही तशीच. अडगळीच्या खोलीत वीस मिनिटं. मलाही, तुलाही. बाहेर खुर्ची टाकून हातात घड्याळ घेऊन बसायचे, आणि वीस झाली की एकविसावं होऊ द्यायचे नाहीत. वाईटच होतं ते, मी चांगलं म्हणत नाही. मी मुलांना कधी कोंडलं नाही ते त्यामुळेच. पण वीस म्हणजे वीस. बाहेर ते बसलेत हे आत कळायचं, त्यांच्या खोकल्यावरून.

मग त्या दिवशी सहा तास कसे झाले, हा प्रश्न तुला कधी पडला नाही का? बाहेर खोकला ऐकू आला होता का?

मी हे दोन तास लिहितोय आणि इथेच येऊन अडतोय. उद्या दार फिरवायचंय. पाठीला पट्टा बांधून, चार माणसं घेऊन. आधी ते होऊ दे.

दादा


मंगळवार, २१ ऑक्टोबर

खारुताई,

दार फिरवलं. अ बाजू लोकांकडे आहे. मध्य दीड मीटरवर धरला नाही, तू सांगितलंस तसं दार थेट जमिनीवर टेकवलं, म्हणजे रेघा आठ वर्षांच्या मुलीच्या हाताच्या उंचीवरच राहतात. वरून एकच दिवा, तिरका. आज सकाळी गॅलरी उघडल्यावर एक बाई तिथे आली आणि रेघा मोजायला खाली उकिडवी बसली. मी कोपऱ्यात उभा होतो. मला तिथे उभं राहवेना आणि तिथून हलवेना.

काल दार उतरवलं तेव्हा निळी बाजू माझ्या नाकाशी होती. त्यावर कडीच्या जागी चार बारीक उंचवटे आहेत. स्क्रूच्या भोकांत लांबी भरून, घासून, वर रंग दिलेला. लांबून दिसत नाहीत. पेटी उघडली तेव्हाही मला ते दिसले होते आणि नोंदीत ते मी घातलेच नाहीत. तुला आठवतं का, त्यानंतर अडगळीच्या खोलीला कडीच नव्हती? बाबांनी ती काढली. त्या दिवसानंतरच्या रविवारी, स्वतः, चार स्क्रू. त्यानंतर आपल्या दोघांपैकी कोणालाही आत बसवलं नाही.

सांगतो आता. थांबलो तर पुन्हा नाही व्हायचं.

बाबांनी काही सांगितलं नव्हतं. बाबा घरातच नव्हते. मावशीला दवाखान्यात ठेवलं होतं, आई आणि बाबा सकाळीच गेले होते, येणार होते सात वाजता. मला सांगून गेले, "तिला एकटी सोडू नकोस." आणि माझी मॅच होती. तुला घेऊन गेलो असतो तर पोरांनी चेष्टा केली असती, धाकटी बहीण सांभाळतो म्हणून. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी तेहतीस वर्षं शोधतोय, सापडत नाही. आदल्या दिवशी तू आईचा आरसा फोडला होतास. मी म्हणालो, "बाबांनी सांगितलंय, ते येईपर्यंत आत बसायचं." तू काही विचारलं नाहीस. स्वतःच्या पायांनी आत गेलीस, पोत्यावर बसलीस आणि मला म्हणालीस, "दादा, तू बाहेर बसशील ना?" मी हो म्हणालो आणि कडी लावली.

मॅचमध्ये मी खेळलोही नाही. राखीव होतो. दिवसभर इतरांच्या पाण्याच्या बाटल्या वाहिल्या.

परत आलो तेव्हा तुझा आवाज बसला होता. मी तुला सांगितलं, बाबांना याबद्दल काही विचारायचं नाही, विचारलंस तर उद्या पुन्हा बसवतील. तू आठ वर्षांची, तू विचारलं नाहीस. तू फक्त त्यांच्या मांडीवर बसणं सोडलंस. त्यांना कारण कळलं नाही. चार दिवसांनी जुनं खोकं काढायला ते खोलीत गेले आणि त्यांना रेघा दिसल्या. मला हाक मारली. "हे काय आहे?" मी म्हणालो, "खेळताना मारल्या असतील तिने." ते रेघांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "बरं." रविवारी कडी काढली.

तू बावीसची असताना जेवायच्या टेबलावर म्हणालीस, "सहा तास कोंडलंत मला तुम्ही, बाबा. आठ वर्षांची होते मी." तुला फक्त बाबांचं तोंड दिसत होतं. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. आई म्हणते ते क्षणभर थांबले. क्षणभर नाही. चांगला वेळ थांबले. वाट बघत होते ते, मी तोंड उघडतोय का याची. मी ताटाकडे बघत बसलो. मग ते तुला म्हणाले, "चुकलं माझं." तू उठलीस, जाताना मला म्हणालीस, "दादा, तू तरी बोल." आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलंस.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. रागावलेही नाहीत. आजारपणात एकदाच म्हणाले, "तिला सांगायचं तर तू सांग. मी सांगणार नाही." ते गेल्याचं कळवायला मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, "त्या माणसाचं मला काही सांगू नकोस." मी म्हणालो, बरं. फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बाप घरात गेलेला, अजून उचललेलाही नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

तेव्हा बाबांची अब्रू वगैरे जे शुक्रवारच्या पत्रात लिहिलं ते खोटं. मी चिठ्ठ्या बदलल्या त्या माझ्यासाठी. त्या रेघांसमोर गावातल्या लोकांना उभं राहू द्यायचं आणि मी तिथेच बाजूला पगारावर उभं राहायचं, ते मला झेपलं नसतं.

मजकूर भिंतीवर लावलेला नाही. काल अक्षरांचा कागद घेऊन शिडीवर चढलो, 'मी आठ वर्षांची असताना माझ्या' इथपर्यंत घासलं आणि पुढचा शब्द घासायला हात उचलेना. खाली उतरलो आणि बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं, आता तुला सांगितलं तसं. त्या बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत होत्या. मग म्हणाल्या, "मजकूर त्यांचा आहे. त्यातली एक मात्रासुद्धा तुम्ही किंवा मी बदलू शकत नाही. तुम्ही त्यांना लिहा." मी लावलेले शब्दही काढून टाकले. आता दाराशेजारी नुसती पांढरी भिंत आहे. लोक हातलावूनकाला विचारतात, "कोणी मारल्या या रेघा?" तो म्हणतो, "मला माहीत नाही, हात लावू नका."

तू मला उत्तर देऊ नकोस. बाईंना कळव, काय लावायचं ते. जुनाच मजकूर ठेवायचा म्हणालीस तरी चालेल, तुझी बारा ते सहा तुझी आहेत. पण आता तुला माहीत नाही असं होणार नाही, इतकंच. तू काय कळवशील ते मी लावेन, आणि माझं नाव घालायचं असेल तर ते कसं लिहितात तेही तुला ठाऊक आहे.

आईला काल घरी गेल्यावर सांगितलं. इतकी वर्षं ती तुला पत्रं लिहीत होती, बाबांना माफ कर म्हणून. ते मला माहीत होतं. टपालात मीच टाकायचो. ऐकून झाल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि एक एक गोष्ट विचारत गेली, किती वाजता गेलास, किती वाजता आलास, आत पाणी होतं का. मग म्हणाली, "मी दोन ताटं झाकून ठेवून गेले होते. जेवली होती का ती?"

मी म्हणालो, "हो."

त्या एका गोष्टीत मी तिच्याशी कालही खोटं बोललो, खारुताई. तिला सांगता आलं नाही, तुला सांगतो. मॅचहून आलो तेव्हा मला सडकून भूक लागली होती. मी आधी माझं ताट संपवलं, मग तुझं. तू आतून हाक मारत होतीस. तुझं ताट संपवून हात धुतले आणि मग कडी काढली.